कुंडी भंडारा: वीस मीटरला दोन सेंटीमीटर

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशची राजधानी तीच. तिथला कुंडी भंडारा (काही जण खुनी भंडारा म्हणतात) बघायला रावेर-जळगावकडून गेलेली मंडळी कुंडीतून, म्हणजे उभ्या आडातून, सुमारे ८० फूट खाली उतरतात, पाण्यात पाय बुडवतात आणि 'जमिनीखालची नदी' बघितली असं सांगत परततात. नदीबिदी काही नाही, हा इराणी पद्धतीचा करेज, म्हणजे भूजल उताराने वाहून आणणारा जमिनीखालचा बोगदा आहे. मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या फारसी जाणकाराने तो आखला.

सातपुड्यातून उतरणारे नाले पायथ्याच्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात जिरतात. वर पात्र कोरडं पडतं, पण खाली पाणी तापीकडे सरकत राहतं. ते वाटेतच अडवून बोगद्याने शहराकडे वळवलं. ना मोट, ना पंप.

सगळी मेख उतारात. करेजला साधारण हजारास एक उतार देतात. म्हणजे वीसेक मीटरवरच्या दोन कुंड्यांमध्ये बोगद्याचा तळ जेमतेम दोन सेंटीमीटर खाली! जास्त उतार दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत आहेत. आधी आड खणायचा, मग तळाशी दोन्ही बाजूंनी बोगदा पुढे न्यायचा, माती त्याच आडातून वर काढायची. काम झाल्यावर तोच आड हवेला आणि गाळ उपसायला. तोंडाला गोल कठडा असतो, पावसाचं गढूळ पाणी आत शिरू नये म्हणून. कठडा ढासळला की पहिल्याच पावसात आत चिखल.

मूळ भंडारा आणि चिंताहरण हे इथलेच आणखी दोन भंडारे. ते आणि हा, तिन्हींचं पाणी जाली कारंज या हौदात एकत्र येऊन शहरात जाई.

आतल्या भिंतींवर पांढरा थर दिसतो तो चुन्याचा. झिरपणारं पाणी हवेत आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना भिंतीला धरतो, गिझरच्या कॉइलवर खार चढतो तसाच. दिसायला सुंदर, पण झिरे बुजतात आणि आवक घटते. तो हलक्या हाताने काढावा लागतो, सब्बल मारली तर भिंतच सुटते.

बोअरचं दुखणं मात्र वेगळं. आजूबाजूच्या उपशाने भूजल बोगद्याच्या तळाखाली गेलं, तर कितीही गाळ काढा, करेज कोरडाच.