आमची वाटचाल: ईग्रेप बदललं तेव्हा

२०११ साली सांगलीत आम्ही तिघांनी पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. पहिली बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे कोडपासून ग्राहकाला द्यायचं पॅकेज बनवणाऱ्या आज्ञांची फाइल, माझ्या हातची. रात्री सगळा कोड कंपाइल व्हायचा, जे काही छापलं जाईल ते एका लॉगमध्ये पडायचं आणि शेवटी ईग्रेप, म्हणजे मजकुरात शब्द शोधणारी आज्ञा, त्या लॉगमध्ये 'वॉर्निंग किंवा एरर' शोधायचं; यातल्या 'किंवा'साठी दोन शब्दांमध्ये उभी रेघ लिहिलेली होती. सापडलं की पॅकेज अडलं. व्याजाच्या हिशेबातली चूक थेट ठेवीदाराच्या पासबुकात उतरते, म्हणून ही तपासणी मला फार जवळची.

बारा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. २०२३ मध्ये बिल्डसाठी नवा सर्व्हर घेतला आणि पहिल्याच रात्री पॅकेज अडलं. कोडची एक ओळही बदललेली नव्हती, तरी दोन दिवस आम्ही कोडच चाळत बसलो. तिसऱ्या दिवशी नुकतीच रुजू झालेली आमची डेव्हलपर लॉग घेऊन आली. म्हणाली, "सर, ही वॉर्निंग कंपायलरची नाहीच. ईग्रेपची आहे."

ईग्रेप हे ग्रेप या मूळ शोध-आज्ञेचं एक रूप, एफग्रेप हे दुसरं. ग्नू ग्रेपने, म्हणजे आमच्या सर्व्हरवरच्या ग्रेपने, ही दोन्ही २००७ पासूनच मोडीत काढायला घेतले होते. सप्टेंबर २०२२ च्या ३.८ आवृत्तीपासून ते चालवले की 'हे कालबाह्य आहे, ग्रेप -ई (मोठा E) वापरा' अशी वॉर्निंग येते. आमच्या स्क्रिप्टमध्ये आवृत्तीचा क्रमांक काढायलाही ईग्रेपच होतं. त्याची सूचना लॉगमध्ये जायची आणि शेवटची तपासणी नेमकी तीच पकडायची.

मी घाईघाईत सगळीकडचा नुसता 'ई' पुसला. बिल्ड झटक्यात पार. मला हायसं वाटलं, आमच्या त्या डेव्हलपरला नाही. तिने एका फाइलीत मुद्दाम चूक घातली, तरी बिल्ड पार! साध्या ग्रेपला उभी रेघ म्हणजे 'किंवा' नव्हे, ते फक्त एक अक्षर. 'वॉर्निंग', रेघ, 'एरर' हे सलग असंच कुठे लिहिलेलं सापडेना, म्हणून तपासणी गप्प. अडणाऱ्या बिल्डपेक्षा हे कितीतरी घातक होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग दोघांनी बसून एकेक ओळ वाचली. ईग्रेपच्या जागी ग्रेप -ई, एफग्रेपच्या जागी ग्रेप -एफ (मोठा F). बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येही दोन सापडले.

मुद्दाम चूक घातलेली ती फाइल आम्ही ठेवली आहे. रोज रात्री आधी ती बिल्डला देतो. तपासणीने तिला अडवलं, तरच पुढचं काम सुरू होतं.