परदेशात ओळख होते कशी, टिकते कशी

सात दिवसांत पाच शहरं असा कार्यक्रम आखला की त्या देशातली तीनच माणसं भेटतात: हॉटेलच्या काउंटरवरचा, टॅक्सीवाला आणि तिकीट तपासणारा. तिघंही कामावर असतात. त्यांच्याशी झालेलं बोलणं गोड असेल, पण त्याला ओळख म्हणत नाहीत.

ओळखीसाठी एका गावात किमान चार रात्री हव्यात. पहिल्या दिवशी तुम्ही गर्दीतले एक असता, दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखीचा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "अजून आहात का इथेच?" खरं बोलणं तिथून सुरू होतं. त्यासाठी रोज एकाच जागी जा, समजा एखाद्या कॅफेत, पण जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळी आठला येणारी माणसं दहाला नसतात, काउंटरवरची पाळीही बदललेली असते. दोन तास उशिरा गेलात की पुन्हा अनोळखी.

"इथे बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न टाळा. त्याला पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकातलं उत्तर मिळतं. त्याऐवजी समोरच्याला जे येतं आणि आपल्याला येत नाही, असं काहीतरी छोटं विचारा. या भाजीचं नाव कसं उच्चारायचं? हा स्कार्फ कसा बांधतात? मग दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर तो शब्द वापरून दाखवा. चुकलात तर आणखी बरं, कारण माणसं परक्याची चूक फार आनंदाने दुरुस्त करतात.

ज्यांना असं आपणहून बोलायला जड जातं, त्यांच्यासाठी तयार वाटा आहेत. माझ्या मते सगळ्यांत सोपी पार्करन. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनी सुरू झालेली ही शनिवार सकाळची 5 किलोमीटरची फेरी आता बऱ्याच देशांत असते. पैसे लागत नाहीत. एकदा ऑनलाइन नोंदणी केली की तोच बारकोड सगळीकडे चालतो. तो विसरलात तर धावता येतं, पण वेळ नोंदली जात नाही. सुरू होण्याची वेळ देशागणिक वेगळी असते आणि एखाद्या शनिवारी फेरी रद्दही होते, म्हणून आदल्या रात्री त्या ठिकाणचं पान बघून घ्या. धावायचं नसेल तर चार-पाच दिवस आधी ईमेल करून स्वयंसेवक व्हा आणि बारकोड स्कॅन करायचं काम मागा. येणारा प्रत्येक जण तुमच्यासमोर थांबतो, धापा टाकत दोन शब्द बोलतो. नंतर सगळे कॉफीला जातात तेव्हा तुम्ही पाहुणे उरलेले नसता.

दुसरी वाट ग्रीटर्सची. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या कल्पनेत गावातला स्वयंसेवक आपला मोहल्ला पायी फिरवून दाखवतो. साधारण दोन-तीन तास, गटात जास्तीत जास्त सहा जण, आणि टिप द्यायची नाही. अर्ज दोन-तीन आठवडे आधी करावा. त्यात "इतिहास आवडतो" असं मोघम लिहू नका. "जुन्या छापखान्यांत रस आहे" लिहिलंत, तर जुळणारा माणूस मिळायची शक्यता वाढते.

तिथल्या माणसाच्या घरी राहायचं असेल तर प्रवासी आणि यजमान यांची गाठ घालून देणारी सर्वास ही 1949 पासूनची संस्था आहे. आधी मुलाखत होते, मग परिचयपत्र मिळतं, मुक्काम सहसा दोन रात्रींचा. नुसतं भेटायला तयार असलेले 'डे होस्ट'ही असतात. पहिल्या खेपेला तेच बरे. घरी राहताना नोंदणीचा नियम मात्र विसरू नका. चीनमध्ये हॉटेलऐवजी कुणाच्या घरी उतरलात तर 24 तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. इटलीत युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा ठेवला तर यजमानाने 48 तासांत कळवायचं असतं. नियम मोडला तर तुम्ही पुढच्या गावी निघून जाता आणि यजमान अडकतो. म्हणून हा विषय आपणच आधी काढावा.

आता आमंत्रण. ते खरं की तोंडदेखलं, हे कळणं हीच यातली कठीण गोष्ट. इराणमध्ये तारोफ नावाचा शिष्टाचार आहे. टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर "घाबेल नदारे" म्हणतो, म्हणजे "तुमच्यापुढे त्याची काय किंमत!" खुशाल उतरून चालू लागलात तर त्याची पंचाईत होते. आग्रह करून पैसे द्यायचेच असतात. घरी बोलावलं तरी तसंच: दोनदा नम्रपणे नाही म्हणायचं. तिसऱ्यांदाही आग्रह झाला आणि त्यात वार, वेळ, पत्ता आला, तर आमंत्रण खरं. वेळ ठरवायची ही कसोटी बहुतेक देशांत चालते.

फसवणुकीची खूण वेगळी आहे. मोठ्या पर्यटनस्थळापाशी कुणी सफाईदार इंग्रजीत आपणहून बोलू लागलं आणि पाच मिनिटांत एका ठरावीक चहाच्या दुकानात किंवा बारमध्ये चला म्हणालं, तर सावध व्हा. बीजिंग-शांघायमधला बनावट चहापानाचा प्रकार असाच चालतो. शेवटी हातात भलंमोठं बिल येतं. उपाय साधा: "चला, पण जागा मी निवडतो" म्हणा. ज्याला खरंच गप्पा मारायच्या आहेत तो हो म्हणतो.

घरात गेल्यावर घाई नडते. इथिओपियात कॉफीला बोलावलं तर दीड-दोन तास हाताशी ठेवा. हिरव्या बिया धुऊन समोरच तव्यावर भाजतात, त्या धुराचा वास प्रत्येकाला घ्यायला देतात, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. त्याच पुडीवर पाणी घालत तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. प्रत्येक फेरी आधीपेक्षा पातळ. तिसरी आशीर्वादाची, तिच्याआधी उठणं बरं दिसत नाही. अर्जेंटिनात माते, म्हणजे पाल्याचा चहासारखा काढा, पिताना चूक उलटी होते. एकच पात्र हातोहात फिरतं. आपली पाळी संपवून पात्र परत देताना सवयीने "ग्रासियास" (धन्यवाद) म्हटलंत की त्याचा अर्थ "पुरे, आता नको" असा घेतला जातो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. पात्रातली धातूची नळीही ढवळू नका, पाला तिच्यात अडकतो.

भेटवस्तूबद्दल थोडक्यात. रशिया-युक्रेनमध्ये फुलं विषम संख्येत न्या, सम संख्या अंत्यविधीची. जपानमध्ये चारचा संच नको, कारण चारचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे. वस्तू दोन्ही हातांनी द्या आणि तिथेच उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. महागडं काही देऊ नका. परतफेडीचं ओझं बसलं की ओळख अवघडते.

बहुतेक ओळखी तुटतात त्या घरी परतल्यावर. "फोटो पाठवतो" हे वचन सर्रास दिलं जातं आणि क्वचित पाळलं जातं. संपर्कासाठी त्या देशात चालणारं ॲप आधीच घ्या: चीनमध्ये वीचॅट, जपानमध्ये लाइन, कोरियात काकाओटॉक. वीचॅटचं नवीन खातं उघडताना कधीकधी जुन्या सदस्याने पडताळणी करावी लागते, म्हणून ते निघण्याआधीच उरका.

वयस्कर माणसांना छापील फोटो टपालाने पाठवा. पत्ता आपल्या वहीत त्यांच्याच हाताने, त्यांच्या लिपीत लिहून घ्या. घरी आल्यावर त्या पानाची छापील प्रत काढून पाकिटावर चिकटवा आणि खाली देशाचं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहा. आपल्याकडच्या टपाल खात्याला देश कळला की पुरे, गल्ली-घर तिकडचा पोस्टमन वाचतो. आपण लिप्यंतर करायला गेलो की नेमकी तिथेच चूक होते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या ठिकाणी टपाल घरी न येता पोस्ट बॉक्सवर येतं, आणि तो बहुधा नोकरीच्या जागेचा असतो. तिथे घराचा पत्ता मागून उपयोग नाही, बॉक्स नंबरच विचारा.