तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तातून टेन्शन कळतं का?

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी परवा मला जिन्यातच थांबवलं. "अगं, तू त्या स्ट्रेसवर काम करतेस ना? मग ह्यांचं रक्त तपासून सांग ना एकदा, किती टेन्शन आहे ते. स्वतः तर काही बोलत नाहीत." हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारतात, रेल्वेच्या डब्यात विचारतात. काकूंना जिन्यात दोन वाक्यांत दिलेलं उत्तर अपुरं होतं, ते मनाला लागून राहिलं.

मी काम करते ते 'स्ट्रेस प्रोटीन्स'वर, आणि त्यातला स्ट्रेस पेशीचा असतो. अंडं उकडलं की पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेनं त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि ती एकमेकांना चिकटून बसतात. आपल्या पेशीत असं होऊ लागलं तर ती जगणार नाही. म्हणून ती घाईघाईनं मदतनीस प्रथिनं तयार करते, तीच ही स्ट्रेस प्रोटीन्स. उलगडू लागलेल्या प्रथिनाला ती धरून ठेवतात, पुन्हा नीट घडी बसायला मदत करतात. ताप, प्राणवायूची कमतरता, कॅडमियम किंवा आर्सेनिकचं विष, कारण कुठलंही असो, धाव हीच घेतात.

याची पहिली चाहूल इटलीत लागली. फेरुच्चो रितोसा हे शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होते. कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं, आणि गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे आलेले दिसले, म्हणजे तिथली जनुकं कामाला लागली होती. हे १९६२ साली छापून आलं. त्या फुगवट्यांमागची प्रथिनं सापडायला १९७४ उजाडलं. त्यातल्या एका मोठ्या कुटुंबाचं नाव एचएसपी-७० (एचएसपी म्हणजे 'हीट शॉक प्रोटीन'). सत्तर हे त्यांचं वजन, किलोडाल्टन या रेणूंच्या वजनाच्या मापात.

ही सगळी पेशीच्या आतली माणसं. ती बाहेरच्या आवरणावर दिसली की गोष्ट बदलते. जर्मनीत गॅब्रिएले मुल्टहॉफ यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं, की काही कर्कपेशींच्या पृष्ठभागावर एचएसपी-७० असतं, निरोगी पेशींवर जवळपास नसतं. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशींना, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, ते ओळखता येतं. आत ज्यानं पेशीला वाचवलं, तेच बाहेर येऊन तिला पकडून देतं! इतकी वर्षं झाली तरी मला याचं नवल वाटतं.

आमच्या गटाचा प्रश्न याच्या शेजारचा: खुद्द रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर ही प्रथिनं कधी येतात? निरोगी माणसाच्या लिम्फोसाइट्सवर (या रक्तातल्या पांढऱ्या रोगप्रतिकारक पेशी) ती फारच थोडी असतात, आणि थोडी असली की फसगत सोपी. सुरुवातीच्या वर्षांत माझी ती झाली. रक्त फिकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि फिकॉल नि प्लाझ्मा यांच्या मधोमध साईसारखी पांढरी कडी दिसते. त्या कडीत आपल्या लिम्फोसाइट्स आणि मोनोसाइट्स, म्हणजे आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्या दिवशी मी ती पिपेटनं उचलली, एचएसपी-७०ला चिकटणारा, हिरवा चमकणारा अँटिबॉडी लावला आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, ठिपके पाहिले. हिरव्या पेशीच पेशी. मी धावत जाऊन सरांना बोलावलं.

सरांनी एवढंच विचारलं, "जिवंत आहेत का?" ती नळी रात्रभर टेबलावर राहिली होती. उरलेल्या पेशींत प्रोपिडियम आयोडाइड घालून पुन्हा चालवलं. हा रंग जिवंत पेशीत शिरत नाही, मेलेलीत शिरून लाल चमकतो. माझ्या हिरव्या पेशी जवळपास सगळ्या लालही होत्या. त्यांचं आवरण गळकं झालेलं, अँटिबॉडी आत घुसून आतलंच प्रथिन धरून बसलेला, आणि मी ते पृष्ठभागावरचं समजले होते. त्या दिवसाची वही मी अजून जपून ठेवली आहे.

आता काकूंचा प्रश्न. तो चुकीचा मुळीच नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांसमोर मांजर आणलं तर त्यांच्या रक्तातलं एचएसपी-७२ (एचएसपी-७० कुटुंबातलंच एक) वाढतं, मांजरानं पंजाही न लावता. म्हणजे भीती थेट प्रथिनांपर्यंत पोचते. पण व्यायामानं, तापानं, जंतुसंसर्गानंही ते वाढतं. काकांच्या रक्तात ते जास्त निघालं तरी त्याचं कारण पेन्शनचा रखडलेला अर्ज की कालचा ताप, हे मी त्यावरून सांगू शकणार नाही. अशी तपासणी कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. काकांचं ब्लडप्रेशर बघा, झोप कशी लागते ते विचारा, डॉक्टरांकडे सोबत जा.

आज सकाळी दोन नळ्या आल्या आहेत, काढून दोन तासही झालेले नाहीत. आधी लाल ठिपके मोजते, मगच हिरव्याकडे बघते.