तुम्ही विचारलंत म्हणून: बोक्याला गोळी नाही का देता येत?

बंडूला मधुमेह आहे हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आता वॉचमनलाही पाठ आहे, त्यामुळे ते सोडते. पण कुठल्याही समारंभातून संध्याकाळी सातला त्याच्या इन्सुलिनसाठी मी पर्स उचलली की कोणीतरी विचारतंच, "अहो, गोळी नाही का देता येत?" आणि पाठोपाठ, "मुक्या जिवाला रोज दोनदा टोचायचं, त्यापेक्षा..." त्या 'त्यापेक्षा'च्या पुढे आजवर कोणी गेलेलं नाही.

तर गोळी. आपल्याकडे घरोघरी असते ती मेटफॉर्मिन मांजरांना फारशी लागू पडत नाही. खास मांजरांसाठीची एक गोळी 2022 साली अमेरिकेत मंजूर झाली, पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती द्यायची नसते. संपला विषय. टोचण्याचं म्हणाल, तर बंडूचं तोंड ताटलीत असतं, मी मानेमागची सैल कातडी चिमटीत धरते, सुई जाते, तो मानसुद्धा वर करत नाही. त्रास त्याला आधी होत होता. नसा दुबळ्या होऊन मागच्या टाचा फरशीला टेकवत चालायचा. आता ओट्यावर उडी मारतो आणि शिव्या खातो.

अडकलेय ती मी. बारा-बारा तासांच्या वेळा, आणि वर दुकानदार. बंडूचं इन्सुलिन 100चं, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 100 युनिट; त्याला केशरी टोपीची सिरिंज लागते. एका दुकानात लाल टोपीची, 40च्या पातळ इन्सुलिनसाठीची पुढे केली. तिच्यावर एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातात. म्हटलं, बदलून द्या. "मॅडम, मांजरच आहे ना!"

आणि ती रात्र. बंडू जेवला, इन्सुलिन दिलं, तासाभरात सगळं ओकला. पोट रिकामं, आणि टोचलेलं इन्सुलिन काही परत काढून घेता येत नाही. अकराच्या सुमारास कपाटामागे धडपड ऐकू आली. बंडू भिंतीला धडका देत होता. पाय चार दिशांना, डोळे एवढे मोठे, हाक मारली तर ओळख नाही. कानाची कड चोळून गरम केली, टोचली, थेंब पट्टीवर घेतला. साखर 41, फारच खाली. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर जरा कमीच दाखवतं, पण अशा वेळी ते हिशेब कोण करत बसतं? डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "घशात काही ओतू नका, ठसका लागेल. मध बोटावर घ्या, हिरड्यांना चोळा." चोळत राहिले. मध त्याच्या मिशांना, माझ्या बाहीला, फरशीला. आणि बोट त्याच्या तोंडात असतानाच मनात आलं, आत्ता गेला तर मी सुटले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बोट थांबलं नव्हतं, ही माझी बाजू. विचार आला होता, हेही खरं. तेव्हा तुमचं ते 'त्यापेक्षा' मला शिकवू नका, ते मला पुरं करता येतं. थोड्या वेळाने तो बोटाला कडकडून चावला, आकडा चढला. मग पहाटेपर्यंत चमचा चमचा खाणं आणि पुन्हापुन्हा कान. डॉक्टरांनी सकाळचा डोस गाळायला लावला, पुढचा कमी केला.

लवकर इन्सुलिन आणि कमी पिष्टाचं खाणं मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. बंडूचं सुटणारच, असं मी पूर्वी छातीठोक सांगायचे. आता 'बघू' म्हणते.

राहता राहिली ताई. बाबांना इन्सुलिन लागलं तेव्हा मी म्हणाले होते, मला सुई बघवत नाही, कंपाउंडर लावा. परवा तिने ते काढलंच: "बोक्याला बरी टोचतेस!" बंडू टोचताना ताटलीकडे बघतो, बाबा माझ्याकडे बघायचे. हे कारण आहे की सबब, मला ठरवता येत नाही, आणि ताईला तर ते मुळीच पटणार नाही. तिच्याशी माझं चालू राहील. गोळीवाल्यांनी मात्र आता कृपा करावी.