आमची वाटचाल : बावन्न सोमवारांचं व्रत

आमचा फोटो स्टुडिओ कोल्हापूरच्या व्हीनस कॉर्नरपासून चालत दोन मिनिटांवर. १९८४ साली आप्पांनी दहा बाय बाराच्या गाळ्यात तो टाकला. निम्म्या जागेत पडदा आणि स्टूल, निम्म्यात डार्करूम. लाल बल्ब, फोटो धुवायच्या हायपोचा वास, आणि निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करत बसलेले आप्पा, एवढंच मला लहानपणचं आठवतं. गालावरचा वांग आप्पा असा घालवायचे की फोटो न्यायला आलेल्या बाईला तो होता हेही आठवू नये. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावात फोटोवाल्यानं आळस करू नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरून जाताना आजही त्यांचा हात छातीकडे जातो.

मी धंद्यात आलो तेव्हा रोल संपत आला होता. डिजिटल आलं, छापील पानांचे करिझ्मा अल्बम आले, मग ड्रोन, प्री-वेडिंग. पैसे बरे मिळायचे. पण मे महिन्यात सव्वीस लग्नं केल्यावर जूनमध्ये कुठल्या नवरीचा चेहरा कुठल्या अल्बममध्ये हे मलाच सांगता यायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा दुकानात शिरली. कॅमेरे वर नेले होते, पण आप्पांचे निगेटिव्हचे खोके खालच्या फळीवर राहिले. पाणी ओसरल्यावर उघडले तर पस्तीस वर्षांचे चेहरे एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. आप्पा काही बोलले नाहीत, चहा मागवला. सावरतोय तोवर लॉकडाऊन. दोन लग्नसराया पाण्यात, ह्या वेळी पाणी नसताना.

काचेत दर सोमवारी नवा फोटो लावायचं हे व्रत सुरू व्हायचं कारण मात्र पूर नाही आणि कोरोनाही नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत २०१४ पासून एका नवरीचा मोठा फोटो होता. पुरातही तो वाचला, काच उंचावर असल्यामुळे. उन्हानं त्यातला लाल रंग उडून शालू निळसर झाला होता. मार्च २०२२ मध्ये एक बाई मुलाला घेऊन पासपोर्ट फोटोला आल्या. काचेकडे बघून म्हणाल्या, “मामा, मला आता तरी खाली उतरवा. पोराच्या शाळेतल्या बायका ओळखायला लागल्यात.” त्याच दिवशी उतरवलं. आणि मग रिकामी काच डोळ्यांत खुपायला लागली.

दुसरी नवरी लावायची नव्हती. पाडवा आला २ एप्रिलला, त्याच दिवशी कोरोनाचे निर्बंधही उठले. मी घरात जाहीर केलं : दर सोमवारी काचेत नवा फोटो, बारा बाय अठराचा, वर्षभर. त्याच आठवड्यात काढलेला. कोल्हापुरातून निघून त्याच दिवशी परत येता येईल एवढ्या टापूतला. म्हणजे पूर्वेला खिद्रापूर, पश्चिमेला घाट उतरून देवगड-मालवणचा किनारा. माणसं चालतील, नवरा-नवरी नाही. बायको हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, “सोळा सोमवार ऐकले होते.”

पहिले दोन फोटो पंचगंगेच्या घाटावरचे. सोपे होते. तिसऱ्याला जोतिबाची चैत्र यात्रा आली, दोन वर्षांच्या खंडानंतरची. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचत होत्या, वरून गुलाल असा बरसत होता की दहा फुटांवरचं दिसेना. फोटो चांगला मिळाला, पण गुलाल झूमच्या रिंगमध्ये शिरला तो शिरलाच. ब्लोअर झाला, ब्रश झाला, लेन्स उघडून साफ करून झाली. अजूनही सत्तरवरून दोनशेवर नेताना ती बारीक करकरते. असिस्टंट म्हणतो, लेन्सला चांगभलं लागलंय.

सहाव्या आठवड्याची गोष्ट जरा वेगळी. ६ मे, शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी. सकाळी दहा वाजता शंभर सेकंद जिथं असाल तिथं उभं राहायचं होतं. मी दसरा चौकात कॅमेरा घेऊन तयार. दहा वाजले आणि रिक्षा, भाजीच्या गाड्या, शाळेची पोरं, सगळं जागच्या जागी थांबलं. अख्खं कोल्हापूर फोटोसाठी पोझ देऊन उभं असल्यासारखं. माझं बोट शटरवर होतं, पण दाबलं नाही. आपणही थांबायचं असतं ना? धंद्याच्या दृष्टीनं हा मूर्खपणा होता, असिस्टंटनं तसं स्पष्ट सांगितलं. रविवारी राधानगरीला गेलो आणि महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचा फोटो काढून सोमवारी लावला. दगडी भिंत, उन्हाळ्यात खाली गेलेलं पाणी, बाकी काही नाही. लोकांना तो फारसा आवडला नाही. मला आवडतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा. गगनबावड्याला चार दिवस गेलो तर चारही दिवस ढगात उभा राहून परत आलो. दोन हातांवरचं झाड दिसेना, करूळ घाट तर सोडाच. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून बॅगेत सिलिका जेल कोंबायचं आणि घरी आल्यावर बॅग उघडी टाकायची, एवढंच काम. इकडे शहरात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर गेलं याकडे. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. दुकानदार म्हणून माझं एक डोकं त्या आकड्यात आणि एक फोटोत. त्यात पावसाच्या आधी झालेल्या लग्नांचे अल्बम द्यायचे राहिलेले.

एकोणिसाव्या सोमवारी, ८ ऑगस्टला, मी व्रत मोडलं. फोटोच नव्हता. हार्डडिस्कवरचा जुना एक काढला, करवीर तालुक्यातलं उसाचं शेत, मागे ढग, मस्त. प्रिंट करून लावला. दुपारी कागलकडचे एक शेतकरी आधारकार्डाच्या कामासाठी फोटो काढायला आले. काचेसमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. मग आत येऊन अगदी शांतपणे : “मामा, श्रावणात उसाला तुरा कुठं बघितलासा?”

तुरा म्हणजे उसाचा फुलोरा, तो येतो दिवाळीच्या आगेमागे. मला काय बोलावं सुचेना. आप्पा मागे खुर्चीवर बसले होते, त्यांनी पेपर चेहऱ्यापुढे धरला. तो फोटो मी तिथल्या तिथं काढला आणि कागदावर मार्करनं लिहून काचेला चिकटवलं : ‘या आठवड्याचा फोटो बुधवारी लागेल.’ मंगळवारी भर पावसात शिये पुलाकडे जाऊन पाण्यात उभा असलेला ऊस काढून आणला. बिनतुऱ्याचा. तेव्हापासून ते शेतकरी दर महिन्याला तपासणीला यावं तसे येतात.

त्या दिवशी एक कळलं. काचेतला फोटो म्हणजे दुधाचा रतीब आहे. पाणी घातलं की गिऱ्हाईक बोलून दाखवतंच, आणि माझं गिऱ्हाईक म्हणजे शेतात राबणारी माणसं. शहरातल्या फोटोवाल्यांना मी फसवू शकलो असतो.

समुद्राचं शिक्षण वेगळं झालं. आम्हा घाटावरच्या लोकांना समुद्र म्हणजे सुट्टी. पहाटे तीनला निघून फोंडा घाट उतरायचा आणि उजाडायला किनाऱ्यावर, असा माझा बेत. सुरुवातीला कधी पाणी पायाशी, कधी अर्धा फर्लांग लांब, मला संगती लागेना. मालवणच्या बाजूला एका रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) आजोबांनी ती लावून दिली. तिथीच्या पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून एका रविवारी पहाटे भरती सापडली तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. मोबाइलमध्ये भरतीचं ॲप आहे, ते मिनिटापर्यंत सांगतं. पण घाट उतरताना नेटवर्क जातं आणि तिथी काही जात नाही.

त्याच आजोबांच्या रापणीवर चौतिसावा फोटो काढला. होडीनं जाळं अर्धगोल टाकलेलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, वीस-पंचवीस माणसं दोन रांगांत मागं झुकून ओढतायत. मी वाळूत गुडघ्यावर बसून फ्रेम लावत होतो. आजोबा ओरडले, “फोटो काढतस? आदी दोरीक हात लाव, मगे काढ.” लावला. ओला दोर तळव्यात काचतो, आणि एकट्यानं जोर लावून काही होत नाही. सगळे मागं जातात तेव्हाच जायचं. पंधरा मिनिटांनी माझे हात थरथरायला लागले. नंतर काढलेल्या फोटोत चेहरे नाहीतच. फक्त पाच जणांच्या टाचा, वाळूत रुतलेल्या. आधी काढला असता तर नक्की सूर्योदय आणि जाळं काढलं असतं, जसं सगळेच काढतात. निघताना आजोबांनी पिशवीत तारल्या (मासे) घातल्या. घाट चढून त्या घरी पोचेपर्यंत गाडीला जो वास लागला, तो पुढच्या दोन लग्नांच्या आउटडोअरला नवरा-नवरींनी सोसला.

एवढं शिकूनही त्रेचाळिसाव्याला समुद्रानं फी घेतलीच. २१ जानेवारीला अमावास्या, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे उधाण. सकाळी ओहोटीला कुणकेश्वरच्या अलीकडे खडकांवर ट्रायपॉड लावला, पाण्याचा रेशमी परिणाम मिळावा म्हणून उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून दोन-दोन सेकंदांची एक्स्पोजर चालू. मागं वळून थर्मासमधला चहा ओतला. तेवढ्यात एक लाट खडकावर चढली आणि ट्रायपॉड आडवा. पाणी बाराला भरणार हे पाठ असताना साडेदहापर्यंत मी त्याच खडकावर होतो. कॅमेरा वाचला, वाइड लेन्स गेली. खारं पाणी आत गेलं की दुरुस्तीला अर्थ नसतो. सदतीस हजार. बायकोनं वहीत ‘समुद्र’ असं खातंच उघडलं.

हिशेबाचं निघालंच आहे तर सांगतो. पेट्रोल, प्रिंट आणि ती लेन्स धरून वर्षाला लाखाच्या वर गेले. थेट विकल्या गेलेल्या प्रिंट अकरा. म्हणजे फोटो विकून कोणी श्रीमंत होईल ह्या भ्रमात राहू नये. पण प्री-वेडिंगला येणारी जोडपी काचेकडे बोट दाखवून ‘असं आमच्या शेतात काढा की’ म्हणायला लागली. मसाई पठारावर धुक्यात, बंधाऱ्यावर, एकदा तर दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशीसोबत. म्हैस नवरीपेक्षा शांत उभी राहिली. भाड्याच्या सेटवर काढायचे दिवस आमच्यापुरते तरी संपले, आणि दरही थोडा वाढवता आला.

पाडव्याला सुरू केलं म्हणून पाडव्याला संपेल असं मी धरून चाललो होतो. पुढचा पाडवा आला २२ मार्च २०२३ ला, आणि काचेत होता एक्कावन्नावा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं असतं, हे आप्पांनी मला एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, मला ठाऊक होतं, पण तू एवढा टिकशील असं वाटलं नव्हतं. उद्यापन सत्तावीस तारखेच्या सोमवारी झालं. पेढे वाटले, काचेत नदीवरचा साधा फोटो होता.

सगळ्यांत जास्त विचारणा मात्र सदतिसाव्याची होते. गुऱ्हाळाचा. रात्रीची वेळ, चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाची चिपाडं सारणाऱ्या माणसाचं निम्मं अंग उजळलेलं, रस उकळायच्या काहिलीवरून उठलेली वाफ आणि तिच्यात पाकाची चाचणी बघणारा गूळ करणारा गुळव्या. तो उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, आणि त्या चार-पाच सेकंदांत गुऱ्हाळावर कोणी बोलत नाही. माझी लेन्स वाफेनं सारखी धुरकटत होती, शर्टाच्या बाहीनं पुसून पुसून काढला. गुऱ्हाळमालकांना एक प्रिंट भेट दिली. त्यांनी ती फ्रेम न करता चुलवाणाच्या वरच्याच भिंतीला खिळ्यानं ठोकली. दोन महिन्यांत कागद वाफेनं वळून पुंगळी झाला. गेल्या हंगामात ते दुकानात आले, पुंगळी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “गुळव्याचं नाक गेलंय बघा ह्यात. आता लॅमिनेशन करून द्या.” करून दिलं. पैसे घेतले नाहीत. पाच किलोची ढेप अजून घरात आहे, मुंग्यांपासून राखतोय.