प्रतिनिधी मोजायचे की मते?

२००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात चुरस लागली, तेव्हा बेळगावात टिळकवाडीतील आमच्या मित्रमंडळींतही दोन तट पडले होते. क्लिंटन यांचे समर्थक एकूण मतांवर बोट ठेवत. मी मात्र पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींची संख्याच निर्णायक मानत होतो, आणि आजही मानतो. टेक्सासमधील मतदान क्लिंटन यांनी जिंकले, तरी कॉकसमुळे, म्हणजे पक्षसमर्थकांच्या स्थानिक सभांमधील निवडीमुळे, तेथील ९९ प्रतिनिधी ओबामांकडे आणि ९४ क्लिंटन यांच्याकडे गेले, हे अनेकांना पटत नसे.

खरा पेच फ्लोरिडा आणि मिशिगनचा होता. पक्षाचे वेळापत्रक मोडून लवकर मतदान घेतल्याने या राज्यांचे प्रतिनिधी आधी बाद ठरवण्यात आले होते, आणि मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचे नावच नव्हते. तरीही तेथील मते जशीच्या तशी धरा, हा आग्रह मला सरळसरळ अन्यायाचा वाटे. सीमाभागात जनगणनेतील भाषिक टक्केवारीचे वाद ऐकतच आम्ही वाढलो, त्यामुळे मोजणीचा नियम मोजणीआधी ठरलेला असावा, याबद्दल माझे मत पक्के आहे.

३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने या दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी अर्धे मत दिले आणि बहुमताचा आकडा २,११८ झाला. ३ जूनला ओबामांनी तो ओलांडला, तरी आमच्यातील काही जण मिशिगनचा हिशेब पुढेही मांडत राहिले.