मालदीवचं रिसॉर्ट आणि रिपोर्टवरचं माझं नाव

मालदीवनं १५ जुलै २०२१ पासून भारतीय पर्यटकांना कोविडच्या बंदीनंतर पुन्हा यायला परवानगी दिली आणि ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. तुम्ही फेब्रुवारीत गेला होतात ना, कसं केलंत, त्रास झाला का? त्रास झाला, आणि तो सगळा निघायच्या आदल्या रात्री, ठाण्यात आणि नवी मुंबईत झाला. अजून आठवलं की डोकं तापतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आमचं लग्न डिसेंबर २०२० मधलं. पन्नास माणसांची मर्यादा होती, त्यामुळे मोठा हॉल, जेवणावळी, आहेर यातलं फारसं काही झालंच नाही. उरलेल्या पैशांतून तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या, असं सासूबाईच म्हणाल्या. युरोपचे दरवाजे बंद होते, थायलंडला गेलं तर आधी हॉटेलच्या खोलीत दोन आठवडे क्वारंटाइन. मालदीव मात्र १५ जुलै २०२० पासूनच सगळ्या देशांसाठी खुलं होतं. क्वारंटाइन नाही, भारतीयांना व्हिसा उतरल्यावर फुकट, आणि एअर बबलमुळे, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून चालू ठेवलेल्या विमानसेवेमुळे, मुंबईहून थेट विमान. एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तिथली जुनीच पद्धत, म्हणजे गर्दी नाही. ‘आत्ता जायची काय गरज आहे’ असं काही नातेवाईक म्हणाले. त्यांची काळजी मला कळते. पण जानेवारीत मुंबईतले आकडे खाली आले होते, आम्ही दोघं महिनोन्‌महिने घरून काम करत होतो, आणि नियम पाळून जायचं असं ठरवून आम्ही गेलो.

बुकिंगबद्दल सांगण्यासारखं एवढंच की, दराच्या पुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर तो दर पूर्ण नाही. त्यावर २०२१ मध्ये दहा टक्के सर्व्हिस चार्ज, बारा टक्के जीएसटी आणि माणशी रोज सहा डॉलर ग्रीन टॅक्स लागत होता. माले विमानतळावरून बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचे किंवा सीप्लेनचे पैसेही बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. ते माणशी आणि डॉलरमध्ये लागतात, तेव्हा आधीच विचारून घ्या.

आता त्या रिपोर्टबद्दल.

तेव्हाचा नियम असा होता: विमान सुटण्याआधीच्या ९६ तासांत दिलेल्या स्वॅबचा आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट हवा. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव, लॅबचं नाव-पत्ता आणि स्वॅब घेतल्याची तारीख हवी. आमचं विमान शनिवारी सकाळी, म्हणून गुरुवारी सकाळी घरी स्वॅब द्यायचं ठरलं. महाराष्ट्रात तेव्हा घरी येऊन करायच्या चाचणीचा सरकारी दर ९८० रुपये होता. लॅबनं ‘ट्रॅव्हल रिपोर्ट’ म्हणून त्यावर आणखी पैसे लावायचा प्रयत्न केला. सरकारी दराचा आदेश दाखवल्यावर ते निमूट कमी केले. तुम्हीही पक्कं बिल मागा.

स्वॅब घ्यायला आलेला मुलगा चांगला होता. पीपीई किटमध्ये घामानं भिजलेला, तरी घाई न करता दोघांच्या पासपोर्टचे फोटो काढले आणि पासपोर्ट नंबर दोनदा तपासला. मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की, माझं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. आधार, पॅन, पीएफ, डिग्री, सगळं त्याच नावावर. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दोन्ही रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आले. दोघंही निगेटिव्ह. नवऱ्याचा रिपोर्ट चोख. माझ्या रिपोर्टवर मात्र ‘मिसेस’, पुढे माझं नाव, मग नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव. अशा नावाची बाई कुठल्याही सरकारी कागदावर अस्तित्वात नाही. शिवाय पासपोर्ट नंबरचा रकाना कोरा.

हेल्पलाइनवर बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. बुकिंग नवऱ्याच्या मोबाइलवरून झालं होतं, त्यामुळे मी त्याच्या खात्यात ‘फॅमिली मेंबर’ म्हणून गेले, नातं ‘वाइफ’ निवडलं गेलं आणि पुढचं नाव सिस्टीमनं आपोआप जोडलं.

“मग ते बदला.”

“मॅडम, आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या, पोर्टलला डेटा गेलाय. आता नाव बदलता येत नाही. पण रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना, मग काय प्रॉब्लेम आहे?”

मी तिला प्रॉब्लेम समजावून सांगितला. तिनं ईमेल करा म्हणून सांगितलं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल. विमान तेरा-चौदा तासांवर होतं.

आम्ही घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर गेलो. शटर अर्धं खाली आलं होतं. काउंटरवरच्या माणसानं रिपोर्ट पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅरेज सर्टिफिकेट आणलंय का?”

हे वाक्य मला विसरता येत नाही. मी त्याच्यासमोर माझा पासपोर्ट ठेवला होता, भारत सरकारनं दिलेला, फोटोसकट. स्वॅब घेताना त्याच पासपोर्टचा फोटो त्यांच्याच माणसानं काढला होता. चूक त्यांच्या सॉफ्टवेअरची. आणि माझं स्वतःचं, जन्मापासूनचं नाव कागदावर यावं म्हणून मी लग्न झाल्याचा पुरावा द्यायचा! सर्टिफिकेट अजून हातात आलं नव्हतं, पण असतं तरी मी ते दिलं नसतं. त्यानं मग दोन उपाय सुचवले. एक, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट करा. शुक्रवारी रात्री आठला नोटरी कुठे मिळणार? दोन, नव्यानं टेस्ट करा, नवे पैसे भरा. तिचा रिपोर्ट शनिवारी रात्री मिळाला असता. नवरा म्हणाला, आपण लग्नपत्रिका आणि फोटो बरोबर ठेवू, विमानतळावर समजून घेतील. मी त्याला म्हटलं, “तू समजून घेशील रे, काउंटरवरचा माणूस कशाला समजून घेईल?”

मार्ग दाखवला तो सासऱ्यांनी. त्यांनी रिपोर्ट शांतपणे खालपर्यंत वाचला. तळाशी मुख्य लॅबचा पत्ता होता आणि सही करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांकासकट. “कॉल सेंटर सोड,” बाबा म्हणाले, “ज्यांची सही आहे त्यांच्याकडे जाऊ.” गाडी काढून ते स्वतः आम्हाला नवी मुंबईतल्या मुख्य लॅबवर घेऊन गेले.

गेटवर वॉचमननं अडवलं. पेशंटना आत सोडत नाहीत. ते बरोबरच होतं, कोविडची लॅब होती ती. मी त्याला रिपोर्टवरचा नंबर कागदावर लिहून दिला, खाली ‘प्रवासी, सकाळचं विमान, नाव चुकलं आहे’ असं लिहिलं आणि हा कागद फक्त ड्युटीवरच्या डॉक्टरांना द्या म्हणून विनंती केली. बराच वेळ काहीच घडलं नाही. बाबा गाडीत डुलक्या घेत होते, नवरा हेल्पलाइनवर पुन्हा संगीत ऐकत होता. शेवटी एक डॉक्टर स्वतः खाली आल्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटलेले. लग्नाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाल्या, “पासपोर्ट द्या.”

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. त्यांनी ऑपरेटरला फोन लावला आणि त्या ओळीतून माझं नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवलं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. त्याच्याकडून परत वाचून घेतलं. पासपोर्ट नंबर घालायला लावला. मग मला म्हणाल्या, “पोर्टलवरची दुरुस्ती आम्ही नंतर कळवू. रिपोर्ट हा लॅबचा कागद आहे, ‘अमेंडेड रिपोर्ट’ काढता येतो. काउंटरवर कुणी सांगितलं नाही का?”

कुणीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळपासून ज्या-ज्या माणसाशी बोललो त्या प्रत्येकानं ‘होत नाही’ म्हटलं होतं, आणि जे होत नव्हतं ते त्या बाईंनी उभ्या-उभ्या करून दिलं. हे दोन शब्द लक्षात ठेवा: अमेंडेड रिपोर्ट. नंबर तोच राहतो, निकाल तोच राहतो, चुकलेला तपशील दुरुस्त होतो आणि दुरुस्ती केल्याची नोंद खाली येते. ‘नाव बदला’ म्हटलं की समोरचा घाबरतो. ‘अमेंडेड रिपोर्ट द्या’ म्हटलं की त्याला कळतं की आपल्याला नियम ठाऊक आहे. मध्यरात्रीनंतर नवी पीडीएफ फोनवर आली. तिच्या दोन प्रिंट काढायला रात्री दुकान नव्हतं, म्हणून सासूबाईंनी शेजारच्यांना उठवून त्यांच्या प्रिंटरवर काढून आणल्या.

एवढ्यासाठी इतका आटापिटा कशाला, असं नंतर काहीजण म्हणाले. मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलीनं काय केलं ते सांगते. तिनं पासपोर्ट आणि रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले आणि पेनाचं टोक दोन्हींवरून एकदम फिरवलं. नाव, मग स्वॅबची तारीख-वेळ, मग लॅबचा पत्ता. आमच्या पुढच्या जोडप्याच्या रिपोर्टवर लॅबचं नुसतं बोधचिन्ह होतं, पत्ता नव्हता. त्यांना बाजूला उभं केलं होतं आणि ते लॅबला फोन लावत होते. त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. माझे कागद परत देत ती ‘ओके’ म्हणाली तेव्हा मी नवऱ्याकडे फक्त पाहिलं.

‘इमुगा’ या मालदीवच्या पोर्टलवरचा आरोग्याचा फॉर्म तेव्हा विमानाच्या आधीच्या चोवीस तासांत भरायचा होता. त्याला दहा मिनिटं लागली. येताना मालेहून निघण्याआधीही तोच पुन्हा भरावा लागायचा, हे बरेचजण विसरायचे.

मालेत काहीच अडलं नाही. क्यूआर कोड दाखवला, शिक्का बसला, बाहेर रिसॉर्टचा माणूस पाटी घेऊन उभा. सामानावर फवारणी, ताप मोजला आणि स्पीडबोटीनं दक्षिण माले अटॉल, म्हणजे बेटांचं कडं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, तेव्हा विमान संध्याकाळचं असेल तर जवळचं, बोटीनं जाता येणारं बेट घ्या. विमानतळावरून ड्युटी-फ्रीची बाटली नेऊ नका, मालेत काढून घेतात.

रिसॉर्ट जेवढं सुंदर ऐकलं होतं तेवढंच सुंदर होतं. पाण्यावरच्या खोलीच्या पायऱ्या उतरलं की थेट मासे. रेस्टॉरंटमध्ये बुफे होता, पण आपण हात लावायचा नाही, काचेपलीकडून कर्मचारी वाढायचे. ते सगळे पूर्ण वेळ मास्कमध्ये, त्या उकाड्यातही. आमच्या टेबलावर सावंतवाडीकडचा एक मुलगा असायचा. आमचं बोलणं ऐकून पहिल्याच सकाळी “तुम्ही मुंबईचे काय?” म्हणून विचारलंन. लॉकडाऊनच्या आधीपासून तो घरी गेला नव्हता. रजा टाकली की जाताना चाचणी, परत येताना चाचणी आणि वर क्वारंटाइन, म्हणून पुढे-पुढे ढकलत राहिला. त्यानंच एके दिवशी स्वयंपाकघरातून आमच्यासाठी साधा वरण-भात करून आणला. टीप द्यायची तर अशा मुलांच्या हातात द्या, डॉलरच्या सुट्या नोटा मुंबईहूनच घेऊन जा.

रविवारी रात्री तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचं भाषण आम्ही फोनवर पाहिलं, ते ‘मी जबाबदार’वालं. अमरावतीत लॉकडाऊन जाहीर झाला होता. त्याच आठवड्यात केंद्राचा नवा नियम लागू होत होता: २२ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपासून भारतात येणाऱ्या प्रत्येकाला निगेटिव्ह रिपोर्ट ‘एअर सुविधा’ पोर्टलवर चढवणं सक्तीचं. आणि इथे ९६ नव्हे, प्रवासाआधीचे ७२ तास. जाताना आणि येताना तास वेगळे, हे गणित आधी करून ठेवावं लागायचं. स्वॅब रिसॉर्टच्या दवाखान्यातच घ्यायचे आणि बोटीनं मालेला पाठवायचे. मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, म्हणून परतीचं विमान रविवारी असेल तर रिसेप्शनला पहिल्याच दिवशी विचारावं लागायचं. आणखी एक: मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पण आमच्या बेटानं स्वतःची वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवली होती. बरीच रिसॉर्ट असं करतात. बोटीची वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे सांगताहेत ते विचारून घ्या.

तिथे स्वॅब घेणाऱ्या नर्सनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि नाव वाचायला लावलं. मी होकार दिल्यावरच तिनं बटण दाबलं. तुमच्या लॅबच्या माणसालाही हेच करायला लावा, तो कितीही घाईत असला तरी. नवरा-बायको असाल तर बुकिंग वेगवेगळ्या मोबाइलवरून करा.

परत आल्यावर मी त्या लॅबला सगळा घटनाक्रम लिहून पाठवला, दोन्ही रिपोर्ट जोडून, आणि त्या डॉक्टरांचे आभारही मानले. उत्तर यायला वेळ लागला. सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करू, एवढंच आलं. गेल्या आठवड्यात माझी नणंद परदेशी जाण्यासाठी त्याच लॅबमध्ये बुकिंग करत होती, तिनं मला फॉर्मचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात आता ‘पासपोर्टप्रमाणे नाव’ असा वेगळा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.